करड्या बाकाला पॉलिश पेपर लावण्याआधी

कोकणातल्या आमच्या घरी अंगणाच्या कडेला एक बाक आहे. पाच फूट लांब, बिडाचे दोन पाय, त्यावर सागवानी पट्ट्या: बसायला सात, टेकायला पाच. मधली काही वर्षं घर बहुतेक बंदच होतं आणि बाक राहिला नेमका पागोळ्यांखाली. घर उघडलं तेव्हा तो राखेच्या रंगाचा झाला होता. बोल्टांभोवती काळे डाग, खालच्या अंगाला शेवाळ, आणि बसलं की करकरत एका बाजूला झुकायचा. मी पुण्याहून येताना पॉलिश पेपरची थप्पीच घेऊन आलो होतो. शेजारचे मेस्त्री आले, एक पट्टी नखाने खरवडली, पायाला हलकासा धक्का दिला आणि म्हणाले, "लाकडाक काय जावक नाय. पयले बोल्ट काढ."

पॉलिश पेपर तसाच पिशवीत राहिला, तो पुढे तीन आठवड्यांनी बाहेर निघाला. बाक मात्र आता चार माणसं निर्धास्त बसतील असा झाला आहे. काम कसं केलं ते क्रमाने सांगतो. तुमचा बाक पूर्ण लाकडी असेल, खुर्च्या असतील, गच्चीवरचं टेबल असेल, तरी सागवान आणि लोखंड असेल तिथे हीच रीत चालते. वेताच्या खुर्च्यांचं काम वेगळं आहे, ते इथे नाही.

करडा रंग हा रोग नाही

लाकडात तंतू असतात आणि ते एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. उन्हातले अतिनील किरण पृष्ठभागावरचं लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे उरतात फिकट, सुटे तंतू. त्यांच्यावर थोडी बुरशी आणि धूळ बसली की झाला करडा रंग. हा थर अगदी पातळ असतो, मिलिमीटरभरही नाही. खाली साग जसाच्या तसा असतो, कारण गाभ्याच्या सागवानात स्वतःचंच तेल असतं.

बाक मरतो तो पाण्याने, आणि तेही अंगावरून वाहून जाणाऱ्या पाण्याने नव्हे, अडून बसणाऱ्या पाण्याने. पट्टी बिडावर टेकते ती जागा, बोल्टाचं भोक, पट्टीचं कापलेलं टोक, लाकडी पायाचा जमिनीला लागणारा तळ. या चार ठिकाणी ओल दिवसेंदिवस राहते. लाकडाच्या टोकाकडून पाणी जितक्या झपाट्याने आत शिरतं त्याच्या कितीतरी कमी ते बाजूने शिरतं. टोक म्हणजे नळ्यांचा जुडगा आडवा कापल्यासारखं असतं. म्हणून वरचा भाग चकचकीत करून ही ठिकाणं तशीच सोडली, तर दोन पावसाळ्यांत बाक पुन्हा करकरायला लागतो.

कधी करायचं

दिवाळी ते होळी. हवा कोरडी असते, ऊन सोसवतं, तेल आणि रंग नीट वाळतात. एप्रिल-मे महिन्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, तापलेल्या लाकडावर व्हार्निशचा हात फिरवेपर्यंत ते ओढलं जातं आणि ब्रशच्या खुणा राहतात. कोकणात लोक आगोटीच्या कामांत, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी, हे उरकायला बघतात. तेव्हा हवेत इतकी आर्द्रता आलेली असते की दुसरा हात चिकटच राहतो. मे महिन्यात फक्त वार्षिक हात मारावा, तोही सुरुवातीलाच; मोठी डागडुजी नको.

पाच फुटी बाकाला सलग काम केलं तर चार-पाच दिवस पुरतात, पण मधे वाळायला वेळ द्यावा लागतो. तीन शनिवार-रविवार धरून चाला.

सामान

काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश, प्लास्टिकच्या दोन बादल्या, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. धुण्याचा सोडा २०० ग्रॅम. ऑक्झॅलिक ॲसिडची पूड १०० ग्रॅम. रसायनांच्या दुकानात मिळते, काही ठिकाणी रंगाच्या दुकानातही. पॉलिश पेपर ८०, १२० आणि १८० नंबरचा. डब्ल्यूडी-४० किंवा तसंच गंज सोडवणारं तेल. पाने, स्क्रूड्रायव्हर, दाभण. लोखंडासाठी तारेचा ब्रश, रेड ऑक्साइड प्रायमर आणि इनॅमल, प्रत्येकी अर्धा लिटर, आणि तेही उरेल. लाकडासाठी बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) अर्धा लिटर आणि टर्पेंटाइन पाव लिटर, किंवा बाहेरच्या वापराचं व्हार्निश. दोन नळ्यांचं इपॉक्सी. नवे बोल्ट.

तारेचा ब्रश फक्त लोखंडासाठी, हे वेगळं सांगतो कारण ही चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी एका सागवानी स्टुलावर तारेचा ब्रश मारला. शेवाळ झटक्यात निघालं. पहिल्या पावसात स्टुलावर शेकडो काळे ठिपके उमटले. ब्रशच्या तारांचे बारीक तुकडे लाकडात रुतले होते आणि एकेक गंजत होता.

पायरी १: तपासणी

बाक उन्हात उलटा करा आणि दाभण घेऊन बसा. प्रत्येक पट्टीला दोन्ही टोकांना, बोल्टाच्या भोकाशी आणि बिडावर टेकते तिथे टोचा. चांगल्या सागवानात दाभण जेमतेम टोक रुतवून थांबतं. कुजलेल्या भागात ते लोण्यात गेल्यासारखं जातं आणि लाकूड तंतूंनी न फाटता चौकोनी कणांनी तुटतं. किती खोल गेलं ते पेन्सिलने पट्टीवरच लिहून ठेवा.

पट्टीच्या कडेला फिकट, पिवळसर पट्टा दिसला तर ते झाडाच्या बाहेरच्या थराचं कच्चं लाकूड. सागाची ख्याती आहे ती गाभ्याची. या कच्च्या भागाला भुंगा आणि वाळवी दोन्ही लागतात. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती पट्टी वेगळी काढा. भोकांत वाळवीनाशक इंजेक्शनच्या सुईने सोडा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर ठेवा. मातीची बोटभर रुंद नळी दिसली तर ती वाळवी, आणि ती बाकात राहत नाही, जमिनीतून येते. तेव्हा बाकाआधी जागेचा बंदोबस्त.

मग बिडाचे पाय बघा. बीड गंजून पातळ व्हायला फार वर्षं लागतात, पण ते ठिसूळ असतं, पडलं की तडकतं. पाय टांगून धरा आणि पान्याने हलकं वाजवा. घंटेसारखा आवाज आला तर उत्तम. फुटक्या मडक्यासारखा बद्द आला तर कुठेतरी तडा आहे.

पायरी २: खोलणं

आधी फोटो काढा. मग प्रत्येक पट्टीच्या खालच्या बाजूला क्रमांक आणि उजवं-डावं लिहा. बारा पट्ट्या सारख्याच दिसतात पण सारख्या नसतात. भोकं हाताने पाडलेली असतात, एकीची दुसरीला बसत नाही.

जुन्या बाकांना बहुधा गोल डोक्याचे आणि डोक्याखाली चौकोनी मान असलेले कॅरेज बोल्ट असतात. मान लाकडात रुतते म्हणून बोल्ट फिरत नाही. लाकूड सैल झालं की नट फिरवताना बोल्टही सोबत फिरतो आणि माणूस चिडतो. अशा वेळी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मारा, आणि नट सोडवण्याआधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवून बघा. गंजाची पकड तिकडून लवकर तुटते. तरी नाहीच हललं तर नट छिन्नीने किंवा ग्राइंडरने कापा. बोल्ट वाचवायचे नाहीतच, भोक वाचवायचं आहे. बिडावर हातोडा मात्र मारू नका. मेस्त्रींनी मला एवढ्या एकाच गोष्टीवर ओरडून थांबवलं.

आमच्या चोवीस बोल्टांपैकी सुटले नऊ. बाकीचे कापले.

पायरी ३: धुणं

समुद्राजवळ असाल तर सुरुवात साध्या पाण्याने, भरपूर. मीठ आधी गेलं पाहिजे.

मग एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून पट्ट्या ओल्या करा, दहा मिनिटं थांबा आणि काथ्याच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासा. आडवं घासलं की मऊ झालेले तंतू उचकटतात. प्रेशर वॉशरचा मोह टाळा. त्याने बाक दहा मिनिटांत स्वच्छ होतो खरा, पण पाण्याचा मारा वर्षभरातल्या वाढीचा मऊ भाग खणून काढतो आणि कठीण भाग वर राहतो. मग पट्टीवर नांगरटीसारख्या सऱ्या पडतात आणि त्या सपाट करायला चांगलं लाकूड घासावं लागतं.

सोड्याने धुतल्यावर साग काळपट तपकिरी दिसेल. घाबरू नका. सागातली द्रव्यं क्षारामुळे गडद होतात, आणि ते उलटवण्यासाठीच पुढची पायरी आहे.

पायरी ४: काळे डाग

बोल्टांभोवतीचा काळा डाग म्हणजे जळालेलं लाकूड नव्हे आणि बुरशीही नव्हे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकला की पाणी काळं होतं, तीच क्रिया इथे घडते: लाकडातलं टॅनिन अधिक लोखंड. म्हणून तो डाग घासून जात नाही. आपण घासत राहतो, बोल्टाभोवती खड्डा पडतो, डाग खाली हजरच.

त्यावर उपाय ऑक्झॅलिक ॲसिड. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर गरम पाणी घ्या आणि त्यात ६० ग्रॅम पूड टाका. धातूचं भांडं नको. हे विषारी आहे: हातमोजे, चष्मा, मास्क घालूनच हात लावायचा आणि मुलं, मांजरं, कोंबड्या लांब ठेवायच्या. द्रावण ब्रशने फक्त डागांवर नाही, सगळ्या पट्टीवर सारखं लावा, नाहीतर डागांच्या जागी पांढरे गोल दिसतील. वीस मिनिटांत काळा रंग फिकट होत जाताना डोळ्यांसमोर दिसतो. हा सगळ्या कामातला सर्वांत मजेचा भाग. जुना डाग असेल तर दुसऱ्यांदा लावा.

नंतर भरपूर पाण्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्याने पुसा, पुन्हा साध्या पाण्याने धुवा. पट्टीवर पांढरे कण वाळून राहिले आणि तुम्ही त्यावर पॉलिश पेपर मारला तर ती विषारी पूड नाकात जाते, म्हणून धुण्यात कंजूषी नको. सांडपाणी आळ्यात किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नका.

ऑक्झॅलिकने जे ठिपके गेले नाहीत ती बुरशी. त्यासाठी पातळ केलेलं ब्लीच चालतं, पण वेगळ्या दिवशी, ॲसिड पूर्ण धुऊन गेल्यावर. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

आता पट्ट्या सावलीत, हवेशीर जागी, मधे बारक्या चिपा ठेवून रचा. देशावर हिवाळ्यात चार दिवस, कोकणात आठवडा. उन्हात भराभर वाळवल्या तर टोकांना चिरा जातात. वाळल्या की नाही हे पाहायला पट्टीवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दिवसभर उन्हात ठेवा. आतून दव आलं तर अजून थांबा.

पायरी ५: बिडाचे पाय

पट्ट्या वाळताहेत तोवर लोखंड. जुना रंग पोपडे धरलेला असेल तर तो कोरडा खरवडू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी मारत पाणीपेपरने घासा, कचरा ओला असतानाच गोळा करून बांधा.

उघड्या गंजावर तारेचा ब्रश. अगदी आरशासारखं करायची गरज नाही, सुटा गंज जाऊन घट्ट, काळसर पृष्ठभाग लागला की पुरे. थिनरने पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा. कोकणात उघडं ठेवलेलं लोखंड रातोरात तांबूस होतं, मग पुन्हा पहिल्यापासून. नक्षीच्या खाचा, बोल्टाची भोकं आतून, पायाचा तळवा, सगळीकडे ब्रश पोचला पाहिजे. दुसऱ्या दिवशी इनॅमलचा पहिला हात, तिसऱ्या दिवशी दुसरा. रंग आवडीचा, जुन्या बाकांना गडद हिरवा शोभतो असं माझं मत आहे, आमच्या घरात यावर मतभेद झाले आणि बाक काळा झाला.

पायाला तडा असेल तर गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. बिडाला निकेलची कांडी लागते, आधी तापवावं लागतं आणि सावकाश निववावं लागतं. नेहमीच्या कांडीने जोड पडतो आणि शेजारीच नवा तडा जातो. तसा कारागीर नसेल तर आतल्या बाजूने पाव इंची लोखंडी पट्टी लावून दोन्हीकडून बोल्टने आवळा. दिसायला ठिगळ, पण टिकतं.

पायरी ६: कुजलेल्या पट्ट्या

टोकाचा अर्धा इंच कुजला असेल आणि पट्टी पायाबाहेर पुरेशी येत असेल तर सरळ कापा. सगळ्याच पट्ट्या तेवढ्या कापल्या तर बाक इंचभर आखूड झाल्याचं कुणालाही कळत नाही.

वरचा भाग खराब आणि खालचा चांगला असेल तर पट्टी उलटी करा. बिनखर्चाची, बिनश्रमाची युक्ती आहे आणि निम्म्या पट्ट्यांचा प्रश्न तिनेच सुटतो. बोल्टाच्या भोकाशी जराशी कूज असेल तर दाभणाने सगळी कोरून काढा, आतून थिनरने पुसा आणि इपॉक्सीत सागाचाच बारीक भुसा कालवून भोक गच्च भरा. चोवीस तासांनी नवीन भोक पाडा. सागावर चिकटवताना थिनर किंवा ॲसिटोनने पुसणं विसरू नका. त्याच्या अंगच्या तेलामुळे जोड सुटतो. रंगवाल्यांची लांबी, म्हणजे पुट्टी, इथे वापरू नका. ती पहिल्या पावसात फुगते आणि खपली होऊन पडते. घरातल्या फर्निचरचा साधा पांढरा फेविकॉलही बाहेर टिकत नाही, घ्यायचाच तर पाण्यासाठीचा मरीन प्रकार.

पट्टीची एक तृतीयांश जाडी गेली असेल तर ती बदला. नवा साग आणण्याआधी जुनं लाकूड विकणाऱ्यांकडे जा. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी, कड्या, दारं मिळतात. ते लाकूड पूर्ण वाळलेलं असतं आणि गाभ्याचं असतं. आत मोडलेले खिळे असतात, म्हणून रंधा मारण्याआधी चुंबक फिरवा, नाहीतर पात्याचा बळी जातो. नवं घेणार असाल तर चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग मागा आणि पट्टी हातात घेऊन बघा: कडेला पांढरा पट्टा नको, रेषा जवळजवळ हव्यात.

पूर्ण लाकडी बाकात सांध्यांकडे लक्ष द्या. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं असतं. हलत असेल तर बाहेरून खिळा ठोकू नका. सांधा उघडा, जुनं सरस खरवडा, कुसू सैल झालं असेल तर त्याच्या गालावर सागाचा पातळ पापुद्रा इपॉक्सीने चिकटवा आणि दोरी पिळून रात्रभर आवळून ठेवा. दोरी दोन पायांभोवती गुंडाळून मधे काठी घालून पीळ द्यायचा; क्लॅम्प नसेल तर हाच क्लॅम्प.

पायरी ७: घासणं

आता पॉलिश पेपर. धुऊन आणि ॲसिडने उजळून झाल्यावर घासायला फार थोडं उरतं. उभे राहिलेले तंतू ८० नंबरने फक्त गरज असेल तिथे, मग १२०, मग १८०, आणि तिथे थांबा. घरातल्या कपाटासारखं ३२० पर्यंत गुळगुळीत केलं तर तेल आत मुरत नाही. हात रेषेच्या दिशेनेच.

धारदार कडा पॉलिश पेपरने दोन-तीन मिलिमीटर गोल करा. धारेवर तेल किंवा व्हार्निश टिकत नाही, तिथूनच सोलायला सुरुवात होते. मांडीच्या मागच्या बाजूलाही बरं. सागाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज येते, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असू द्या.

पायरी ८: तेल, व्हार्निश की काहीच नाही

इथे दुकानदार तुम्हाला बरंच काही विकू पाहील. आधी नको ते सांगतो. फ्रेंच पॉलिश नको: ते लाखेचं असतं, पाणी लागलं की पांढरं पडतं. मेलामाइन नको, ते घरातल्यासाठी आहे. खोबरेल, शेंगदाणा, उरलेलं तळणीचं तेल अजिबात नको; ही तेलं वाळत नाहीत, धूळ धरतात आणि मुंग्यांना आमंत्रण देतात. कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात, वाळवीला ते चांगलं रोखतं. पण ते कातडीला लागलं की फोड येतात. वाशावर कुणी बसत नाही, बाकावर बसतात.

उरतात तीन वाटा. पहिली, काहीच न लावणं. पट्ट्या धुऊन, सांधे नीट करून, फक्त टोकं आणि भोकं तेलाने भरून बाक तसाच ठेवायचा. वर्षभरात तो पुन्हा करडा होईल, एकसारखा, रुपेरी. ज्यांचं घर वर्षातून दोनदा उघडतं त्यांनी हेच करावं, असं मी आता ठामपणे सांगतो.

दुसरी वाट बेलतेलाची, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. ते हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतं, म्हणून ते वाळतं आणि खोबरेल वाळत नाही. पहिल्या हाताला निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. पातळ असल्याने खोल जातं. कापडाने भरपूर लावा, वीस मिनिटांनी जे पृष्ठभागावर उरलं ते सगळं पुसून काढा. हे पुसणं राहिलं तर चिकट थर बसतो आणि तो महिनाभर कपड्यांना लागत राहतो. एक दिवस सोडून दुसरा हात, एक दिवस सोडून तिसरा, हे दोन्ही जवळजवळ निव्वळ तेलाचे. पट्ट्यांची टोकं वाटीत तेल घेऊन त्यात पाच मिनिटं उभी बुडवा. बोल्टाच्या भोकांतून तेलाची काडी फिरवा. या तेलाची उणीव अशी की दमट हवेत त्यावर बुरशी येते आणि रंग काळपट होत जातो. उघड्या अंगणात ते एक पावसाळा पुरतं, फार तर.

आणि एक गोष्ट गंमत म्हणून वाचू नका. बेलतेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकते. तेल वाळताना उष्णता सुटते, घडीत ती कोंडते आणि वाढत जाते. चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, पूर्ण कडक झाल्यावरच कचऱ्यात.

तिसरी वाट बाहेरच्या वापराचं, अतिनील किरण अडवणारं व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन). दिसतं सर्वांत सुंदर. पडवीत, झोपाळ्याला, छप्पर असलेल्या बाल्कनीत जरूर लावा: पहिला हात पातळ, पुढचे दोन किंवा तीन पूर्ण, मधे २२० ने हलकं घासून. पण उघड्यावर मी ते लावणार नाही. लाकूड फुगतं-आकसतं, थर कुठेतरी चिरतो, पाणी त्याखाली शिरतं आणि बाहेर पडू शकत नाही. मग काळे चट्टे पडतात आणि सगळा थर खरवडल्याशिवाय पुढचा हात देता येत नाही. तेलाच्या बाकाला मात्र धुऊन, एकदा घासून, एक हात मारला की झालं.

पायरी ९: जोडणी

नवे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. देशावर ३०४ ग्रेडचं पुरतं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर ३१६ मागा. खाऱ्या हवेत ३०४ वर तपकिरी डाग येतात. जुने बोल्ट बहुधा अडीच सुतांचे, म्हणजे ५/१६ इंची, आणि आता मिळतात ते आठ मिलिमीटरचे. जवळजवळ सारखेच दिसतात पण आटे जुळत नाहीत, म्हणून नटही नवेच. आठ मिलिमीटरचा बोल्ट जुन्या भोकातून बहुतेक वेळा जातो.

पट्टी आणि बीड यांच्यामध्ये नायलॉनचा किंवा रबराचा वायसर घाला, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा. या कामातली सर्वांत स्वस्त वस्तू हीच आणि तिच्याइतका फायदा दुसऱ्या कशाचा नाही: पट्टी बिडावर टेकत नाही, मधून हवा खेळते, पाणी निघून जातं. दोन पट्ट्यांमध्ये आठ-दहा मिलिमीटर फट ठेवा, पेन्सिल आडवी घालून मापलं तरी चालेल. सगळे बोल्ट आधी हाताने अर्धवट लावा, बाक सपाट जमिनीवर उभा करून डुगडुगतो का ते बघा, मग तिरक्या क्रमाने थोडेथोडे आवळा. एका टोकापासून आवळत गेलं की बाक पिळतो. लाकूड दबेल इतकं आवळायचं नाही. महिन्याने पुन्हा एकदा पाना फिरवा.

जागा आणि पावसाळा

बाक मातीत ठेवू नका. पायांच्या जमिनीला टेकणाऱ्या चारही टोकांखाली जांभ्याचा चिरा किंवा फरशीचा तुकडा हवा. पागोळ्यांची रेघ अंगणात उमटलेली असते, तिच्यापासून हातभर दूर. मागची पट्टी पुढच्यापेक्षा खाली जाणार नाही असं बघा, नाहीतर पाणी टेकायच्या पट्ट्यांच्या बुडाशी साचतं.

पावसाळ्यात जमलं तर पडवीत घ्या. नाही जमलं तर निळं ताडपत्री कापड गुंडाळून बांधण्यापेक्षा उघडा ठेवलेला बरा. बांधलेल्या ताडपत्रीत घाम धरतो आणि गणपतीत सोडाल तेव्हा आत बुरशीची शेती असेल. झाकायचंच असेल तर चार काठ्यांवर वर धरा, बाजू मोकळ्या.

दसऱ्याला धुऊन घ्या, फक्त पाणी आणि काथ्याचा ब्रश, पट्ट्यांच्या फटींत अडकलेली पानं काडीने काढा. मे महिन्याच्या सुरुवातीला, हवा दमट व्हायच्या आत, १८० चा एक हलका हात आणि बेलतेलाचा एक हात. बिडावर कुठे टवका उडाला असेल तर तिथेच रेड ऑक्साइड आणि रंगाचा ठिपका.

जास्तीचे दोन बोल्ट, दोन नट आणि चार वायसर एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बैठकीच्या खालच्या अंगाला बांधून ठेवा. म्हणजे पुढच्या वेळी अडीच सूत की आठ मिलिमीटर हे बघायला पुन्हा तालुक्याला जायला नको.